मदत हवी आहे : छोटा प्रीअ‍ॅम्प, पॅसिव्ह की अ‍ॅक्टिव्ह?

मंडळी, २६ डीबी गेनचा (म्हणजे सिग्नल वीसपट करणारा) पॉवर अ‍ॅम्प घेऊन ठेवलाय, आता त्याच्या आधी लावायला प्रीअ‍ॅम्प (इनपुट निवडणारा आणि आवाज कमीजास्त करणारा डबा) हवाय. कपाटात जेमतेम वीतभर जागा उरलीय, त्यामुळे मोठं धूड नको.

शिट कंपनीचा सिस मनात आहे. तो पॅसिव्ह आहे : एक नॉब, दोन इनपुट, आत गेन नाहीच, सिग्नल फक्त कमी करतो. हिशेब केला तर गेनची गरजही दिसत नाही : डॅकमधून (डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग करणारा डबा) २ व्होल्ट येतात, अ‍ॅम्प त्याचे ४० करणार, म्हणजे ८ ओहमवर कागदोपत्री २०० वॅट. माझा अ‍ॅम्प त्याच्या कितीतरी आधीच क्लिप होईल, म्हणजे ताकद संपून आवाज फाटेल! मग अ‍ॅक्टिव्हसाठी (आत विजेवर चालणारं सर्किट असलेल्यासाठी) जास्तीचे पैसे का मोजायचे?

पण दुकानदार म्हणतो, पॅसिव्हमध्ये 'जीव' राहत नाही. १० के (किलोओहम) पॉटचा, म्हणजे नॉबमागच्या बदलत्या रेझिस्टरचा, आउटपुट इम्पिडन्स (सिग्नलच्या वाटेतला अडथळा) फार तर अडीच के होतो. तीन मीटर केबलला तेवढ्याने ट्रेबल कापला जाईल असं गणित तरी सांगत नाही. प्रत्यक्षात कुणाला फरक ऐकू आलाय का?

खरी धास्ती वेगळीच आहे. रात्री घरचे झोपल्यावर मी अगदी हळू ऐकतो. सध्याच्या जुन्या पॉटवर नॉब तळाशी नेला की दोन्ही बाजूंचा आवाज सारखा कमी होत नाही आणि तानपुरा सरळ डाव्या स्पीकरमध्ये जाऊन बसतो. स्वस्त पॉटमध्ये हे होणारच का, की रिलेवाला अ‍ॅटेन्युएटर (रिलेने ठरावीक रेझिस्टर जोडून आवाज कमी करणारा) घेतल्याशिवाय सुटका नाही?

टर्नटेबलसाठी फोनो स्टेज (रेकॉर्डचा बारीक सिग्नल वाढवणारा डबा) वेगळा आहे, तो प्रश्न नाही. वापरलेल्यांनीच सांगा, प्लीज.