कळंब्यात पोहायला बंदी घालावी का?

पेठकर: रविवारी पहाटे कोल्हापूरच्या कळंबा तलावावर गेलो होतो. काठाला दोन टेम्पो धुवायला लावलेले, पलीकडं म्हशी, आणि मधोमध पंधरा-वीस पोरं पाण्यात. पिण्याचं पाणी आहे राव हे! एकोणिसाव्या शतकात संस्थानानं बांध घालून हा तलाव केला तो शहराच्या तहानेसाठी. पंप नाही, मोटार नाही, नुसत्या उतारानं पाणी पेठांत यायचं. सरसकट बंदी घाला. काठावर फिरा, पाखरं बघा, घरी जा.

डबेवाला: भावा, टेम्पो आणि पोरं एकाच दावणीला बांधू नकोस. मी इथंच शिकलो. चुलत्यानं पाठीला पत्र्याचा डबा बांधला, आठव्या दिवशी गपचूप दोरी सोडली. नाकातोंडात पाणी गेलं, शिव्या दिल्या, पण पलीकडं निघालो. पोहण्याच्या टाक्यांत फी भरून शिकणं सगळ्यांना परवडतं होय?

पेठकर: रंकाळा तलावाचं काय झालं ते बघितलंस नव्हं? जलपर्णीनं हिरवागार पडला होता.

डबेवाला: ते पोहणाऱ्यांनी केलं? मैलापाण्याचे नाले सोडले म्हणून झालं. कळंब्यालाही खरी भीती कात्यायनीच्या डोंगराकडून येणाऱ्या ओढ्यांची आहे. त्यांच्या काठानं घरं वाढली, सांडपाणी कुठं जाणार? त्यावर कोण बोलत नाही, पोरगं चड्डीवर दिसलं की लगेच बंदी.

सांडव्याशेजारीण: पाणी राहू दे बाजूला, जिवाचं बोला. वरून शांत दिसतं, पण कडेचा गाळ गुडघ्यापर्यंत पाय ओढतो. माझा भाचा तसाच अडकला होता, म्हशीवाल्या मामांनी काठी दिली म्हणून वाचला. जीवरक्षक सोडा, साधी ट्यूबसुद्धा नाही तिथं. आधी ते आणा, मग पोहा.

फुलेवाडीकर: आता काळम्मावाडी धरणातनं शहराला थेट पाइपलाइन आली की. कळंब्याचं एवढं कौतुक कशाला? बोटिंग सुरू करा, चार पोरांना रोजगार मिळेल.

डबेवाला: पाइपलाइनला पंप लागतात, लाईट गेली की बसा बादल्या घेऊन. आणि बोटिंग आलं की भेळ आली, भेळ आली की कागद आले. रंकाळा चौपाटी एक आहे तेवढी बास.

पेठकर: बोटिंगला माझाही विरोध. पोहण्याचं म्हणशील तर एका बाजूला दोर बांधून जागा ठरवा, तिथं ट्यूब टांगा, चालेल. पण काल शांपूच्या सात रिकाम्या पुड्या मी वेचल्यात. त्या टेम्पोवाल्याच्या नव्हत्या, भावा.