विंडफॉल टॅक्स काहून काढला?

वणीकर: राजेहो, 2022 मध्ये युद्धानं तेल महागलं तवा 1 जुलैपासून सरकारनं देशात निघणाऱ्या क्रूडवर (कच्च्या तेलावर) टनामागं 23,250 रुपये विंडफॉल टॅक्स, म्हंजे भाव वाढून कंपन्यांले अचानक झालेल्या जास्तीच्या नफ्यावरचा कर, लावला, डिझेल निर्यातीवर लिटरला 13, अन् डिसेंबर 2024 मध्ये सगळाच काढला. काहून? आमी तर महागाचं डिझेल भरूनच नांगरलं.

वर्धाकाठ: भाऊ, भाव उतरले म्हणून. दर पंधरा दिवसाले रेट बदलत होता, शेवटी शून्यावर आला होता. ब्रिटननं मात्र 25 टक्क्यांवरून 38 वर नेला.

शिवार: टॅक्स दिल्लीत जाते, आमच्या गावाले काय? माह्या वावराजवळ खाण हाय, कापूस वेचला का बोटं काळी होतेत, बोंडावर कोळशाची धूळ, व्यापारी भाव पाडते. खाणवाले शाळेले बेंच देल्ले म्हणून आभार मानाले लावतेत, पण 2013 च्या कायद्यानं मोठ्या कंपनीले तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सीएसआरवर, म्हंजे समाजाच्या कामावर, खर्च कराच लागते, उपकार नोहे तो.

वर्धाकाठ: बरोबर. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसाही विचारा, तो खाणबाधित गावांसाठीच असते. ग्रामसभेत धुळीचा ठराव घ्या, मी नमुना पाठवतो.

शिवार: पाठवा भाऊ, सोमवारीच सरपंचाले भेटतो.