बागेचं काम आणि फॅमिली, दोन्हीला एकच डबल केबिन पिकअप: व्ही-क्रॉस, हायलक्स की कॅम्पर?

सड्यावरचा_हापूस

नमस्कार मंडळी. आमची देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे, बरीचशी कातळावर, शेवटचा दीड किलोमीटर रस्ता म्हणजे जांभ्या दगडाची पायवाट रुंद केलेली आणि मध्ये एक वहाळ. आत्तापर्यंत जुन्या जीपवर निभावलं पण ती आता थकली. मला एकच गाडी घ्यायची आहे जी बागेतही जाईल आणि सुट्टीत फॅमिलीला घेऊन पण फिरेल, दोन गाड्या सांभाळायची ताकद पण नाही आणि अंगणात जागा पण नाही.

काम असं की फवारणीला दोनशे लिटरचे दोन ड्रम आणि एचटीपी पंप (जास्त दाबाने फवारणारा), सोबत दोन-तीन गडी. खताच्या गोणी अधूनमधून. सीझनला क्रेट बागेतून घरच्या शेडपर्यंत, आणि कधीकधी फोंडा घाटाने नाहीतर गगनबावड्याने कोल्हापूरपर्यंत माल. मुंबईचा माल ट्रान्सपोर्टने जातो, तो प्रश्न नाही. आणि मजा म्हणजे आंबोली, दांडेली, तंबू, मुलांच्या सायकली, एखादा लांबचा गोवा-कर्नाटक राउंड. आम्ही दोघं, दोन मुलं आणि आई. आईचे गुडघे दुखतात, म्हणून मागची सीट आणि चढ-उतार हा माझ्यासाठी फार मोठा मुद्दा आहे.

डोक्यात तीन आहेत: इसुझूची व्ही-क्रॉस, टोयोटाची हायलक्स आणि महिंद्राची बोलेरो कॅम्पर. बजेट ओढूनताणून तीस लाख ऑनरोड. हायलक्सचं टॉप मॉडेल चाळीसच्या आसपास जातंय, ते जमणार नाही, खालचं बघता येईल. टिकाऊपणा पहिला, बाकी सगळं नंतर. काय घेऊ?

---

वजनकाटा

दादा गाडीचं नाव नंतर ठरवा, आधी वजन करा. पाणी लिटरला किलो, म्हणजे भरलेले दोन ड्रम 400 किलो झाले, पंप-इंजिन-पाइप धरा साठ-सत्तर, आणि तुमच्यासकट तीन माणसं म्हणजे आणखी दोनशे. पावणेसातशे किलो झाले आणि अजून खताची एक गोणी पण टाकली नाही. क्रेटचं गणित तर याहून मोठं, वीस किलोचा क्रेट धरला तर चाळीस क्रेटला 800 किलो.

आता शोरूममध्ये जाल तेव्हा कोणत्याही नवीन डबल केबिनच्या आरसीची कॉपी मागा. त्यावर दोन आकडे छापलेले असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं ग्रॉस वजन. दुसऱ्यातून पहिलं वजा करा, त्यातून माणसं वजा करा, उरलं ते तुमच्या हौद्याचं. पांढऱ्या पाटीवर (प्रायव्हेट म्हणून) पास होणाऱ्या पिकअपमध्ये, म्हणजे व्ही-क्रॉस आणि हायलक्स, ही वजाबाकी टनाच्या बरीच खाली येते. हौदा दिसायला केवढा मोठा असतो, पण कागदावर तेवढं वजन नसतं. कॅम्परचं उलटं आहे, ती मालवाहू म्हणूनच पास होते आणि हजार किलोची आहे.

एक कळकळीची विनंती, यूट्यूबवर ऑस्ट्रेलियावाल्यांचे व्हिडिओ बघून ठरवू नका. तिकडे हायलक्स आणि डी-मॅक्स (आपली व्ही-क्रॉस तिचंच रूप) एक टन माल आणि मागे साडेतीन टनाचा ट्रेलर अशा हिशोबाने विकतात, सुतार-इलेक्ट्रिशियन लोक सोमवार ते शुक्रवार कामाला आणि शनिवारी बोट ओढायला तीच गाडी वापरतात, म्हणून त्यांचं प्रेम आहे आणि ते खरं पण आहे. पण आपल्याकडे पास होते ती गाडी आपल्या कागदावरच्या आकड्याची. तिकडचा आकडा इकडे आरटीओला पण चालत नाही आणि इन्शुरन्सला पण नाही.

तुमचं फवारणीचं काम एका वेळी एकच ड्रम भरून होत असेल, बागेत पाण्याची टाकी असेल, तर पांढऱ्या पाटीची पिकअप जमेल. नाहीतर ओढाताण होणार.

---

कागदपत्रं_आधी

वरच्यांनी वजनाचं बरोबर सांगितलं, मी कागदाचं सांगतो कारण ह्या विषयावर कोणी बोलतच नाही. इन्शुरन्सचं काम रोज करतो म्हणून सांगतोय.

प्रायव्हेट कार पॉलिसी हातात घ्या आणि त्यात ‘लिमिटेशन्स अ‍ॅज टू यूज’ नावाचा परिच्छेद वाचा. गाडी कशासाठी वापरली तर कव्हर नाही ते तिथे लिहिलेलं असतं: भाड्याने देणं, रेसिंग, आणि मालाची वाहतूक, फक्त सॅम्पल आणि स्वतःचं सामान सोडून. आता तंबू, सायकली, बॅगा हे स्वतःचं सामान झालं, त्यात कोणाचं दुमत नाही. पण कोल्हापूरला विकायला निघालेले चाळीस क्रेट आंबे हे स्वतःचं सामान आहे का? बाग तुमची, आंबा तुमचा, तरी तो माल आहे. घाटात काही झालं आणि सर्व्हेअरने फोटोत क्रेट बघितले की क्लेम अडकायची शक्यता तिथेच तयार होते.

मालवाहू पासिंगला स्वतःच्या मालाची पॉलिसी मिळते, प्रायव्हेट कॅरिअर म्हणतात, ती तुमच्या कामाला नेमकी बसते. पिवळ्या पाटीला लोक उगाच घाबरतात. आरसीवर ग्रॉस वजन तीन हजार किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही. साधं एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन्स चालतं, साडेसात हजार किलोपर्यंतच्या गाडीला, ते 2017 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं आणि नोव्हेंबर 2024 ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तेच कायम केलं. फिटनेस मात्र करत राहावं लागतं, पहिल्या आठ वर्षांत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी. टॅक्समध्ये पण फरक आहे, प्रायव्हेट डिझेल गाडी वीस लाखाच्या वर गेली की महाराष्ट्रात पंधरा टक्के, आणि हलक्या मालवाहूला 2025 च्या बजेटपासून एकरकमी सात टक्के.

---

म्हालवणी_मेकॅनिक

माका इचारशात तर कॅम्परच घेवा. आमच्या वाडीत दोन आसत, दोनय बागेतच चलतत, काम काढतत. फोर व्हील ड्राइव्हचा मॉडेल पण येता तेच्यात. गावातलो कोणय मेकॅनिक उघडता आणि पार्ट कणकवलीत गावतत. मोठ्या गाडीचो सेन्सर गेलो तर ती उचलून कोल्हापुराक न्हेवक होई.

---

सड्यावरचा_हापूस

सगळ्यांचे आभार, इन्शुरन्सचं हे मला कोणत्याच शोरूमने सांगितलं नव्हतं. पण मग कॅम्परमध्ये आईला घेऊन गोव्याला कसं जाऊ? मागची सीट बघितली, पाठ एकदम सरळ आहे. आणि ज्यांच्याकडे व्ही-क्रॉस किंवा हायलक्स आहे त्यांनी प्लीज सांगा, फॅमिलीसाठी खरंच कारसारखी आहे का? सेल्समन तर एसयूव्हीच म्हणतात.

---

घाटवाट

व्ही-क्रॉस वापरतोय, बीएस-सिक्स, 1.9 लिटरची. त्याआधी घरच्यांची फॉर्च्युनर भरपूर चालवली आहे त्यामुळे तुलना करून सांगू शकतो.

कारसारखी नाही. गाडी मला मनापासून आवडते, पण हे स्पष्ट सांगायलाच हवं. मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत, आणि पाटे वजनासाठी बसवलेले असतात, हौदा रिकामा असला की स्पीडब्रेकरवर आणि खड्ड्यात मागची सीट उसळते. पुढे बसणाऱ्याला कळत पण नाही, मागे बसलेला माणूस वळणावळणाच्या घाटात कंटाळून जातो. हौद्यात शंभर-दीडशे किलो सामान व्यवस्थित बांधून टाकलं की तीच गाडी एकदम शांत होते, कॅम्पिंगला निघतो तेव्हा हा अनुभव हमखास येतो. शिवाय टायरमधली हवा, दरवाजाच्या चौकटीवर स्टिकर असतो त्यावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे वेगळे आकडे असतात, बहुतेक लोक कायम भरलेल्या गाडीची हवा ठेवून फिरतात आणि मग राइड कडक आहे म्हणतात. कॅम्परला हेच जास्त जाणवेल कारण तिचे पाटे टनाचे, आणि अर्धवट भरलेल्या हौद्यात तुमच्या आंब्याला पण मार लागेल हे लक्षात ठेवा, पेंढा जास्त घालावा लागेल.

आईंसाठी फूटबोर्ड आणि आतला हँडल बघा. फूटबोर्ड असला तरी पहिली पायरी उंच आहे, आमच्याकडे एक छोटं लाकडी स्टूल कायम सीटखाली असतं.

लांबी 5.3 मीटरच्या आसपास, हायलक्स त्याहून थोडी जास्तच. करूळ घाटाच्या वळणांवर अडचण नाही, पण कोल्हापुरात महाद्वार रोडच्या बाजूला गाडी लावायला जागा शोधणं आणि गल्लीत वळवणं याला डोकं थंड ठेवावं लागतं.

आता तुमच्या वहाळाचं. ह्या गाड्यांना पार्ट टाइम फोर बाय फोर असतो, म्हणजे हवी तेव्हाच चारही चाकांना ताकद, नॉब फिरवून टू हाय, फोर हाय, फोर लो. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं आणि रिकाम्या पिकअपचं मागचं वजन एवढं कमी असतं की टू व्हीलमध्ये मागची चाकं सरळ रस्त्यावर पण सरकतात, तिथे सरळ फोर हाय टाकून निवांत जायचं. पण डांबरावर आलात की लगेच काढा, मध्ये डिफरन्शिअल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारा) नसतो त्यामुळे कोरड्या रस्त्यावर वळताना पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि ताण सगळा ट्रान्स्फर केसवर, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीवर, येतो. हायलक्सला मागे डिफ लॉक मिळतो, एक चाक हवेत गेलं तरी दुसरं ओढतं, वहाळ खरंच खराब असेल तर ते पैसे वाया जात नाहीत. इंजिन पण मोठं, 2.8 लिटर, फॉर्च्युनरमधलंच, त्यामुळे इंजिनाचे पार्ट आणि कारागीर ह्याची चिंता राहत नाही. इसुझूची सर्व्हिस सेंटर्स टोयोटापेक्षा कमी आहेत, तुमच्या घरापासून सर्वात जवळचं किती लांब आहे ते नकाशावर बघून मगच पुढे जा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, डीपीएफ. एप्रिल 2020 नंतरच्या डिझेलना सायलेन्सरच्या लाइनमध्ये काजळी अडवायची जाळी असते, ती काजळी जाळायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो. घर ते बाग, बाग ते शेड असं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये आठवडाभर चाललं की जाळी चोंदते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. दिवा लागला की इंजिन बंद करत बसायचं नाही, तास-अर्धा तास हायवेला एका लयीत गाडी चालवायची. तुम्हाला नांदगाव तिठ्यावरून मुंबई-गोवा हायवे मिळतो, आठवड्यातून एकदा कणकवलीचं काम काढा आणि जाऊन या, बास. दिव्याकडे दुर्लक्ष केलं तर मात्र खर्च मोठा येतो.

---

खारी_हवा

एक भर घालतो, तुमचं घर समुद्राजवळ असेल तर गंजाचा विचार गाडी घ्यायच्या दिवशीच करा. हौद्याला आतून लायनर घालता तेव्हा लायनर आणि पत्रा यांच्यामध्ये खताचं पाणी साचतं, आणि खत म्हणजे मीठच, पत्रा आतून खातं आणि वरून काही दिसत नाही. फवारणी झाली की फाळका उघडून, लायनरची कडा उचलून गोड्या पाण्याने धुवा. चासीला खालून कोटिंग पावसाळ्याआधी. आणि गाडी मिठबावच्या किंवा तारकर्लीच्या वाळूत घालू नका, रुततात आणि भरतीत अडकतात, दर सीझनला ते व्हिडिओ येतात आणि वर पोलीस केस.

पुढे लोखंडी बंपर, बुलबार लावायचा मोह होईल, त्यावर 2017 च्या डिसेंबरपासून केंद्राची बंदी आहे. पैसे वाचवा आणि चांगले ऑल टेरेन टायर घाला.

---

वजनकाटा

कॅम्परबद्दल अजून एक, नवीन मालवाहू गाड्यांना 80 चा स्पीड लिमिटर येतो. बागेत, घाटात फरक पडत नाही पण बेळगाव-हुबळी हायवेला फॅमिली घेऊन जाताना तो जाणवतो, ओव्हरटेक करताना गाडी अचानक पुढे जायला नकार देते. ज्याला माहीत नसतं तो घाबरतो.

माझं मत स्पष्ट लिहितो. तुमच्या कामात जड दिवस थोडे आणि हलके दिवस जास्त आहेत असं दिसतंय. मग जड दिवसांसाठी वर्षभर जड गाडी कशाला पाळायची? सीझनला कोल्हापूरचा माल गावातल्या पिकअपवाल्याला भाड्याने द्या, त्याची पाटी पिवळी, त्याची पॉलिसी मालाची, तुमच्या डोक्याला शांतता. बागेत पाण्याची एक टाकी बसवा म्हणजे ड्रम भरून न्यायलाच नकोत. हे दोन केलं की तुमच्यासाठी व्ही-क्रॉस फोर बाय फोर, नाहीतर हायलक्सचं खालचं मॉडेल. हे दोन्ही जमत नसेल तर कॅम्पर घ्या आणि गोव्याला जाताना कार भाड्याने घ्या. आईंच्या गुडघ्यांवर प्रयोग करू नका.

---

सड्यावरचा_हापूस

हे एकदम पटलं. टाकीचं मी खरंच धरलं नव्हतं, बागेच्या वरच्या टोकाला जुनी विहीर आहे, तिथून पाइप टाकून टाकी भरता येईल, खर्च गाडीच्या फरकापुढे काहीच नाही. कोल्हापूरचा माल भाड्याने द्यायचा हे पक्कं. बागेतून शेडपर्यंतचा रस्ता बराचसा आमच्याच जमिनीतला, तरी इन्शुरन्स कंपनीला ईमेल टाकून क्रेटबद्दल लेखी उत्तर घेतो, फोनवरचं तोंडी चालणार नाही हे कळलं.

आता व्ही-क्रॉसची टेस्ट ड्राइव्ह घेतो आणि हायलक्सची पण. शोरूमवाले हायवेवर दोन किलोमीटर फिरवून आणतात, त्यांना घाट मागू का? देतात का?

---

घाटवाट

मागा, देतात. गाडी घ्यायच्या तयारीत आहे असं दिसलं की देतात, फक्त सकाळची वेळ घ्या. आईंना मागच्या सीटवर बसवा, हौदा रिकामा ठेवा, आणि तुम्ही स्वतः पण परतताना मागेच बसा, गाडी बायकोला नाहीतर सेल्समनला चालवायला द्या.

---

कागदपत्रं_आधी

आणि ईमेलमध्ये ‘स्वतःच्या बागेतला शेतमाल, भाडं न घेता, स्वतःच्या गाडीतून’ असे शब्द तसेच लिहा, आणि सोबत बागेचा सातबारा जोडा. उत्तर आलं की इथे टाका, बऱ्याच बागायतदारांच्या उपयोगाला येईल.