गिअरबॉक्स खोलण्याआधी चाकामागचं रबर बघा

दादा, स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर पुढून कट-कट येतंय म्हणून गिअरबॉक्स खोलायचा म्हणताय, थोडं थांबा. माझ्या सॉफ्टटॉपलाही, म्हणजे कापडी टपाच्या गाडीलाही, हेच झालं होतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाडी उचलून बघितली, तर बाहेरच्या सीव्ही जॉइंटचा (चाक वळलं तरी त्याला इंजिनची ताकद पोचवणारा, चाकाजवळचा सांधा) रबरी बूट, म्हणजे त्यावरचं आवरण, चिरलेला, रिमच्या आतून काळं ग्रीस उडालेलं, जॉइंटमध्ये चिखल. बूट फाटलाय पण आवाज नाही, तर साफ करून ग्रीस नि बूट बदलून भागतं. आवाज सुरू झाला की जॉइंटच बदलायचा. सरळ रस्त्यावर रेस दिल्यावर थरथर असेल, तर आतला, गिअरबॉक्सकडचा जॉइंट तपासा.

आणि पन्हाळ्याच्या चढाला गाडी हाफ क्लचवर (क्लच अर्धवट दाबून) धरू नका, हँडब्रेक लावा. पक्कं टप नसल्यानं या सॉफ्टटॉप गाड्यांना खालून जादा मजबुती दिलेली असते, त्याचं जादा वजन क्लचवरच येतं.