इंजिनकाम करूनही ब्रीदरमधून ऑइल येतंय

प्रश्न: जुनी डिझेल जीप आहे, टर्बो नाही. सिलिंडर बोअर करून (आतून घासून) नवीन पिस्टन-रिंगा टाकून ९०० किमी झाले, तरी ब्रीदरच्या (इंजिनातला गॅस बाहेर सोडणाऱ्या) पाइपातून धूर येतो आणि एअर फिल्टरचा डबा आतून ऑइलने ओला होतो. मिस्त्री म्हणतात रिंगा बसायला वेळ लागतो, पण वडिलांची गाडी आहे हो, जीव लागलाय. परत खोलायचं का?

उत्तर: लगेच खोलू नका. आधी डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) बघा, लेव्हल वरच्या खुणेच्या वर असेल तरी ऑइल फेकतं. मग ब्रीदरचा पाइप काढून फुंकून बघा, आत काळा गाळ बसून तुंबला की प्रेशर वाढतं. हे दोन्ही ठीक असेल तर लीक-डाउन टेस्ट करा, पिस्टन टॉपला आणून सिलिंडरमध्ये हवा सोडायची आणि कान लावायचा, ऑइल भरायच्या तोंडातून सूं सूं आलं तर रिंगा, सायलेन्सरमधून आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. रिंगांतून थोडी हवा जातेच, चारही सिलिंडर एकमेकांशी ताडून बघा.

उत्तर: गाडी नुसती हळू चालवलीत का? नवीन रिंगा गॅसच्या दाबाने बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) घासून बसतात, बिनलोडची चालवली की बोअर काचेसारखा गुळगुळीत होतो आणि रिंगा बसत नाहीत. घाटात मध्यम लोडवर चालवा, आयडलिंगला (इंजिन चालू ठेवून) तासभर उभी ठेवू नका.

प्रश्नकर्ता: टेस्ट केली, एकट्या ३ नंबरला ऑइलच्या तोंडातून जोरात हवा येते!

उत्तर: मग तेवढा पिस्टन काढा, दुसरी रिंग उलटी बसलीय का बघा, रिंगेवरचा ठिपका वर हवा.