अनुभव धागा: दुकानातलं वाइन टेस्टिंग आणि सोबतची माणसं

द्राक्षवेल:
आज मार्केट यार्डाजवळून येताना थॉमसन द्राक्षांच्या क्रेटचा वास आला आणि नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या वाइनच्या दुकानातली ती संध्याकाळ आठवली. शनिवारचं टेस्टिंग होतं. अण्णा दिंडोरीहून दवाखान्यासाठी आलेले, त्यांना घरी एकटं कुठे ठेवायचं म्हणून सोबत नेलं. जन्म द्राक्षबागेत गेला, पण वाइन कधी चाखलेली नाही.

काउंटरवरचा मुलगा दोन-दोन घोट ओतत होता. आधी शेनिन ब्लां, मग सोव्हिन्यों ब्लां, या दोन्ही पांढऱ्या, शेवटी लाल शिराझ. अण्णांनी शिराझ जिभेवर घोळवली आणि विचारलं, "बियांसकट आंबवता का हो?" मुलगा बघतच राहिला. म्हणाला, हो बाबा, लाल वाइन साल-बियांसकटच आंबवतात, रंग सालीतून येतो आणि तुरटपणा साल-बियांतून. अण्णा म्हणाले, "मग बरोबर. बी चावली की जिभेला अशीच मिठी बसते."

मग काय, सगळे त्यांच्याभोवती. छाटणी कधी, पाणी किती. आपण खायच्या द्राक्षाचे घड जीएत (जिबरेलिक अ‍ॅसिड, वाढीचं संजीवक) बुडवून मणी फुगवतो आणि वाइनवाल्याला मणी बारीकच हवा, कारण रसाच्या मानाने साल जास्त मिळते, हे त्यांना फार आवडलं. वाइनची द्राक्षं साधारण २२ ते २४ ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं माप) तोडतात म्हटल्यावर म्हणाले, "एवढी साखर भरेपर्यंत बाग राखायची म्हणजे पाखरांशी लढाई." बागाईतदाराला असा मान मिळताना बघून ऊर भरून आला होता. तुम्ही कुणासोबत गेला होतात? लिहा.

पेरूची_फोड:
आई!! सोव्हिन्यों ब्लांचा ग्लास नाकाशी नेला आणि लगेच म्हणाली "पेरू". कार्ड उलटून बघितलं तर खरंच पेरू लिहिलेला. अजून येईल त्या पाहुण्याला सांगते. कुकर झाला, नंतर येते.

सातपूरकर:
शनिवारी संध्याकाळी कॉलेज रोडला गाडी कुठे लावलीत ते आधी सांगा.

द्राक्षवेल:
@सातपूरकर रिक्षाने गेलो दादा. टेस्टिंगला तेच बरं.

काउंटरमागून:
अशा दुकानात काम केलंय म्हणून सांगतो. हलकीकडून भारीकडे, कोरडीकडून गोडीकडे जायचं, नाहीतर पुढच्या वाइनची चवच लागत नाही. अत्तर लावून जाऊ नका, शेजारच्यालाही वास कळेनासा होतो. घोट थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते खुशाल वापरा, कुणी वाईट मानत नाही. आणि लाल वाइन 'बाहेरच्या तापमानाला' प्या म्हणतात ते आपल्या एप्रिलला लागू नाही. १६ ते १८ अंश हवं. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा सरळ.

ओझरची_सून:
आमच्या घरी माळ आहे, मी घेत नाही. जाऊबाईंसोबत गेले होते. काउंटरवरच्या मुलीने मला नुसते वास घ्यायला दिले, एकदाही आग्रह नाही केला. लिंबू, मिरी, ओली माती, काय काय सापडलं. छान गेली संध्याकाळ.

निफाडचा_पोरगा:
आमच्या वडिलांनी करारावर काबर्ने, म्हणजे लाल वाइनची द्राक्षं, लावली होती. २००८ नंतर मंदी आली, कंपनीने माल उचलला नाही. नाव घेत नाही. घड वेलीवरच सुकले आणि पुढे बाग उपटली. त्यामुळे टेस्टिंगला काबर्ने पुढे आली तेव्हा घशाखाली उतरेना. तरी एक बाटली घेतली. वडिलांनी घरी स्टीलच्या पेल्यात ओतून घेतली. म्हणाले, "चांगली करतात की रे." बाकी काही बोलले नाहीत.

द्राक्षवेल:
दादा, काय लिहू. आमच्या शिवारातही उपटल्या बागा. वडिलांना नमस्कार सांगा.

पेरूची_फोड:
@निफाडचा_पोरगा वाचून पोटात कालवलं. लावलेली बाग उपटणं म्हणजे काय ते बागाईतदाराच्या घरालाच ठाऊक.

गंगापूर_रोड:
गंगापूर धरणाजवळच्या सुला वायनरीची पहिली वाइन २००० साली आली, तेव्हा आमच्या काकांसाठी वाइन म्हणजे दारूच, विषय संपला. आता तेच काका पाहुण्यांना 'नाशिक व्हॅली वाइन'ला २०१० मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाल्याचं अभिमानाने सांगतात. बरं, मिसळीसोबत काय घ्यावं? खरंच विचारतोय.

काउंटरमागून:
थोडी गोडसर शेनिन, चांगली गार. तिखटावर लाल घेतली तर जाळ वाढतो. चकलीबरोबरही शेनिनच.

सातपूरकर:
मिसळ सकाळी खातात हो.

ओझरची_सून:
सातपूरकर, आमच्याकडे रात्रीही खातात. मटकीला मोड आणून ठेवलेत, या सगळे.

गंगापूर_रोड:
@द्राक्षवेल ताई, अण्णांच्या बागेतली थॉमसन यंदा मिळेल का? दोन पेट्या हव्यात.

द्राक्षवेल:
भाऊंना विचारून सांगते. बहुतेक पुढच्या आठवड्यात तोडा आहे.