कीड औषधाला ‘सरावते’ की ‘प्रतिकारक’ होते?

प्रश्न : पिकांवरच्या किडींविषयीचा एक मराठी लेख तपासते आहे. त्यात एकाच गोष्टीसाठी प्रतिकारशक्ती, प्रतिकारक्षमता, प्रतिकारकता आणि सहनशीलता असे चार शब्द आले आहेत. एका ठिकाणी तर ‘अळ्या औषधाला सरावल्या’ असंच लिहिलं आहे. वाचायला ते सोपं वाटतं, पण बरोबर आहे का? कोणता शब्द ठेवावा?

उत्तर : ‘प्रतिकारकता’ ठेवा. ‘सरावल्या’ मात्र जरूर काढा, कारण त्या एका क्रियापदाने सगळी प्रक्रिया उलटी होते. सराव होतो तो एका जिवाला, त्याच्या हयातीत. इथे तसं काही घडत नाही. फवारणी होते तेव्हा ज्या अळ्यांवर औषध चालतं त्या मरतात, सरावायला उरतच नाहीत. लाखोंमध्ये एखादीच्या जनुकात आधीपासून असा बदल असतो की ती तगते. पुढची पिढी तिची. पुन्हा तेच औषध मारलं की पुन्हा तशाच उरतात, आणि काही हंगामांत शेतात बहुतांशी त्यांचीच संतती दिसते. अळी बदलत नाही, अळ्यांची वस्ती बदलते. म्हणून ‘प्रतिकारक झाली’ या वाक्याचा कर्ता एक अळी नसून किडीची सगळी वस्ती असायला हवी.

‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द आपल्याकडे रोगाशी पक्का जोडलेला आहे. तो वाचला की शरीर लढतंय असं चित्र उभं राहतं. ‘सहनशीलता’ वेगळ्या अर्थासाठी राखून ठेवावी : एखाद्या जातीवर ते औषध मुळातच, पहिल्या फवारणीपासून, कमी चालत असेल तर.

प्रतिप्रश्न : पण औषधाचा थोडा अंश पोटात गेला की विष फोडणारी विकरं (एन्झाइम) किडीच्या शरीरात वाढतात, असं वाचलं आहे. मग तो सरावच नाही का?

उत्तर : वाढतात, हे खरं आहे. पण ती वाढ त्या किड्यापुरती, अंड्यांतून पुढे जात नाही. प्रतिकारकतेत विकर जास्त बनवण्याची सूचनाच जनुकात लिहिलेली असते. हिरव्या पीच माव्याचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. सेंद्रिय फॉस्फरस गटातल्या औषधांना बांधून ठेवणाऱ्या विकराचं जनुक त्याच्यात एकाच्या जागी ८०पर्यंत प्रतींमध्ये सापडलं आहे. त्यात या माव्याच्या माद्या नराशिवायही पिल्लं देतात, म्हणजे तोच संच जसाच्या तसा पुढे जातो.

दुसरा मार्ग म्हणजे औषध जिथे जाऊन बसतं ती जागाच बदलणं. डीडीटी आणि पायरेथ्रॉइड हे कीटकनाशकांचे दोन प्रकार. दोन्ही मज्जापेशींच्या सोडियम वाहिनीवर, म्हणजे सोडियम आत सोडणाऱ्या प्रथिनावर, काम करतात. त्या प्रथिनात १०१४व्या जागी ल्युसीन या अमिनो आम्लाऐवजी फेनिलअलॅनिन हे दुसरं आलं, एवढ्या एका फरकाने दोन्हींचा प्रभाव ओसरतो. म्हणून लेखात ‘औषध बदलून पाहा’ असा सल्ला असेल तर त्या वाक्याकडेही लक्ष द्या. डब्यावरचं नाव बदललं आणि गट तोच राहिला, तर किडीच्या दृष्टीने काहीच बदललेलं नाही. ‘वेगळ्या क्रियापद्धतीच्या गटातलं औषध’ असं लिहा, लांब झालं तरी चालेल.

आणखी एक मत : शेतकऱ्यांच्या तोंडी असलेलं ‘कीड औषधाला दाद देत नाही’ हे वाक्य मी कधीही बदलणार नाही. त्यात सवयीचा दावा नाही, जे दिसतं तेवढंच सांगितलं आहे. १९१४ साली अमेरिकेत मेलँडर या कीटकशास्त्रज्ञांनी फळझाडांवरच्या सॅन होजे खवले किडीबद्दल नेमकं हेच नोंदवलं होतं : चुना-गंधकाचं तेच द्रावण काही बागांत कीड मारतं, काही बागांत नाही. डीडीटी यायला तेव्हा बराच अवकाश होता. डीडीटीसारख्या रासायनिक औषधांचा अतिवापर सुरू झाल्यावरच हा प्रश्न उपटला, असं लेखात असेल तर तेही दुरुस्त व्हावं.

फक्त एक सावधगिरी : दाद मिळत नाही म्हणजे दर वेळी प्रतिकारकताच असते असं नाही. फवारा पानाखाली पोचला नाही, मात्रा चुकली किंवा पाऊस पडला, तरी हेच दिसतं. आधी हे पाहायला हवं, मग जनुकाकडे वळायचं.

प्रश्न : आणि ‘कीड-प्रतिकारकता’ असा समास केला तर?

उत्तर : तो टाळा. किडीची की किडीविरुद्धची, हे कळत नाही. ‘कीडप्रतिकारक वाण’ म्हणजे किडीला दाद न देणारं पीक, आणि ‘कीटकनाशक-प्रतिकारक कीड’ म्हणजे नेमकं उलट. बीटी कापसात, म्हणजे बोंडअळीला मारणारं प्रथिन स्वतःच बनवणाऱ्या कापसात, तर दोन्ही एकाच वाक्यात येतात. वाण बोंडअळीला प्रतिकारक, आणि त्यातल्या प्रथिनाला शेंदरी बोंडअळी प्रतिकारक. अशा ठिकाणी समास सोडून विभक्ती वापरा : ‘कशाला’ प्रतिकारक, ते प्रत्येक वेळी लिहा.